सॉल्व्हंट प्लांटमधील हेक्झेन: अलार्म गप्प असताना हवा कशी मोजावी

दसऱ्याच्या सुमारास नव्या सोयाबीनची आवक वाढली की लातूर आणि आसपासचे सॉल्व्हंट प्लांट रात्रंदिवस चालू लागतात. दाणा फोडून, चपटा करून त्यातील तेल ज्या द्रवाने धुऊन काढले जाते तो द्रव म्हणजे हेक्झेन. याच्या आगीच्या धोक्याची जाणीव प्लांटमधल्या शेवटच्या हेल्परलाही असते. फाटकावर काडेपेटी आणि मोबाइल काढून घेतला जातो आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (तेल धुऊन काढणाऱ्या यंत्राच्या) मजल्यावर कोणी लोखंडी हातोडा उचलला तर चार जण ओरडतात. हेच हेक्झेन श्वासावाटे रोज थोडे थोडे शरीरात गेले तर हातापायांच्या नसा निकामी करते, ही गोष्ट मात्र अनेक शिफ्ट इन्चार्जनाही माहीत नसते. स्फोटाच्या भीतीने बसवलेल्या यंत्रणेकडून आरोग्याचेही रक्षण होत असेल असे गृहीत धरले जाते. हा मजकूर त्या गृहीतकाविषयी आणि ते बाजूला ठेवून मोजमाप कसे करावे याविषयी आहे. तो प्लांटमधील सुरक्षा अधिकारी, केमिस्ट आणि कारखान्याचे डॉक्टर यांच्यासाठी लिहिला आहे. हेक्झेनयुक्त गोंद किंवा सफाईद्रव वापरणाऱ्या इतर उद्योगांनाही त्यातील बराचसा भाग लागू पडेल.

आधी दोन आकडे शेजारी ठेवून पाहू. हेक्झेनच्या बाष्पाचे हवेतील प्रमाण साधारण १.१ टक्के झाले की ते मिश्रण पेट घेऊ शकते. या पातळीला ज्वलनाची खालची मर्यादा म्हणतात आणि प्लांटमधले स्थिर गॅस डिटेक्टर तिचेच टक्के दाखवतात. १.१ टक्के म्हणजे दहा लाख भागांत ११,००० भाग, अर्थात ११,००० पीपीएम. दुसरीकडे आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या श्वासातील सरासरी ५० पीपीएमच्या वर जाऊ नये, असे अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संस्था एसीजीआयएच आणि तेथील नायॉश ही संशोधन संस्था या दोन्ही सांगतात. तिथल्याच ओशा या सरकारी यंत्रणेची कायदेशीर मर्यादा आजही ५०० पीपीएम आहे. ती जुनी असून नसांच्या आजाराच्या दृष्टीने उपयोगाची नाही, त्यामुळे एखाद्या सल्लागाराने अहवालात ५०० चा आकडा धरून 'सर्व काही मर्यादेत' असे लिहून दिले तर तो अहवाल परत पाठवावा.

आता डिटेक्टरचे गणित करून पाहावे. पहिला अलार्म खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांना लावलेला असेल तर तो १,१०० पीपीएमला वाजतो, म्हणजे आरोग्यमर्यादेच्या २२ पटींना. नायॉशने याच १,१०० पीपीएमला जिवाला तत्काळ धोकादायक पातळी मानले आहे. अलार्म २० टक्क्यांना लावलेला असेल तर ४४ पट. पडद्यावर '१' दिसतो तेव्हा हवेत ११० पीपीएम असते आणि '०' दिसतो तेव्हा ९० पीपीएमही असू शकते, कारण त्याहून बारीक फरक ओळखण्यासाठी ते यंत्र बनवलेलेच नाही. त्यात ते मिथेन वायूवर कॅलिब्रेट केलेले असेल आणि हेक्झेनसाठी दुरुस्ती केली नसेल, तर उत्प्रेरक मण्यावर (ज्याच्यावर बाष्प जाळून मोजले जाते) चालणारा डिटेक्टर हेक्झेनचे प्रमाण प्रत्यक्षाहून बरेच कमी दाखवतो. सिलिकॉनयुक्त वंगण किंवा स्प्रे जवळ वापरल्यास हा मणी निकामी होतो, आणि निकामी डिटेक्टर अगदी शांतपणे शून्य दाखवत राहतो.

हाच फरक एका सांडलेल्या लिटरवरून अधिक स्पष्ट होतो. एक लिटर हेक्झेन पूर्ण उडाले की सुमारे १८७ लिटर बाष्प होते. तेवढ्या बाष्पाने १७ घनमीटर हवा ज्वलनशील होऊ शकते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीतली ही निम्मी हवा. तेवढेच बाष्प सुमारे ३,७०० घनमीटर हवा ५० पीपीएमपर्यंत नेते, म्हणजे अशा शंभरावर खोल्या. अग्निशमनाच्या दृष्टीने 'किरकोळ' ठरणारी गळती नसांच्या दृष्टीने किरकोळ नसते, ती यामुळे.

वासावरही भिस्त ठेवता येत नाही. पेट्रोलसारखा वास बहुतेकांना जाणवतो तो १०० पीपीएमच्या आगेमागे, आणि रोज त्या वासात वावरणाऱ्याचे नाक तर केव्हाच सरावलेले असते. नवा माणूस म्हणतो 'वास येतोय', जुना म्हणतो 'आम्हाला तर काही येत नाही', आणि प्लांटमध्ये शब्द जुन्याचाच चालतो.

शरीरात काय घडते

हेक्झेन श्वासावाटे रक्तात जाते आणि यकृतात त्याचे टप्प्याटप्प्याने रूपांतर होऊन २,५-हेक्झेनडायोन हा पदार्थ तयार होतो. खरा विषारी पदार्थ हा आहे. तो मज्जातंतूंच्या आतील आधारतंतूंच्या प्रथिनांना चिकटतो, तंतू जागोजागी फुगतात आणि त्यांच्या टोकांपर्यंत जाणारी वाहतूक अडते. सर्वांत लांब तंतूंना याचा फटका आधी बसतो, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि मग हातांची बोटे धरली जातात. पायाला मुंग्या येणे, तळवे बधिर होणे, पायातली चप्पल निसटली तरी न कळणे, जिना चढताना पाऊल अडखळणे, पाना नीट धरता न येणे, असा साधारण क्रम असतो. डोकेदुखी आणि गुंगी ही जास्त प्रमाणातील तात्पुरत्या संपर्काची लक्षणे आहेत. ती नसली म्हणून नसा सुरक्षित आहेत असे म्हणता येत नाही.

या आजाराची एक खोड डॉक्टरांनाही चकवते. कामगाराला हेक्झेनपासून दूर केल्यानंतरही काही आठवडे, कधी दोन-तीन महिने, त्याची अवस्था बिघडतच जाते आणि त्यानंतर हळूहळू सुधारणा सुरू होते. ती पूर्ण व्हायला महिने किंवा वर्षे लागतात आणि गंभीर रुग्णात कायमची उणीव राहू शकते. 'काम बंद केले तरी वाढतेच आहे, म्हणजे कारण दुसरे असणार' हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरोघरी हेक्झेनयुक्त गोंदाने सपाता चिकटवणाऱ्या कामगारांमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणात आढळला. अलीकडचे उदाहरण चीनमधील सुझौचे: तिथे २००८-०९ च्या सुमारास मोबाइलचे काचपडदे लवकर वाळावेत म्हणून अल्कोहोलऐवजी हेक्झेनने पुसायला सुरुवात झाली आणि १३७ कामगारांना बाधा झाली. दोन्ही ठिकाणी हा आजार आगीतून किंवा स्फोटातून नव्हे, रोजच्या कामातल्या श्वासातून झाला.

मोजण्याआधी चालून पाहणे

पंप आणि नळ्या मागवण्यापूर्वी तीन पाळ्या प्लांटमध्ये चालून काढाव्यात आणि हेक्झेन कुठून बाहेर येते व त्या क्षणी तिथे कोण उभा असतो, हे वहीत लिहावे. सॉल्व्हंट प्लांट कागदावर बंद यंत्रणा असतो, परंतु मिसेलाचा (तेल आणि हेक्झेनच्या मिश्रणाचा) नमुना काढताना, फिल्टर उघडताना, पंपाचे सील बदलताना, टाकीत डिप रॉड घालताना आणि टँकर उतरवताना ती यंत्रणा उघडते. पाळीतील बहुतेक वेळ कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या ऑपरेटरपेक्षा अर्धा तास फिल्टरजवळ वाकलेल्या फिटरच्या वाट्याला कितीतरी जास्त बाष्प येते. हेक्झेनचे बाष्प हवेच्या तिप्पट जड असल्याने ते खड्डे, केबलचे चर आणि गटारे यांत साचते, आणि वाकून किंवा बसून काम करणारा माणूस नेमका त्या थरात श्वास घेतो.

दोन जागा हमखास विसरल्या जातात. पहिली, डीओसीच्या (तेल काढून उरलेल्या पेंडीच्या) थैल्या भरण्याची. डीटीमधून (पेंडीतले हेक्झेन वाफेने उडवणाऱ्या यंत्रामधून) बाहेर पडलेल्या पेंडीत टनामागे काहीशे ग्रॅम हेक्झेन उरलेले असू शकते आणि डीटीची वाफ कमी पडली तर त्याहून बरेच अधिक. गरम पेंड गोदामात पडून असताना ते हळूहळू हवेत येत राहते. तिथे काम करणारे हमाल प्लांटच्या हजेरीपटावर नसतात, त्यामुळे मोजणीच्या यादीतही नसतात. दुसरी जागा म्हणजे वार्षिक बंदच्या काळात ठेकेदाराचे कामगार साफ करतात ते एक्स्ट्रॅक्टर आणि टाक्या. माझ्या मते संपूर्ण वर्षातला सर्वांत वाईट संपर्क याच आठ-दहा दिवसांत होतो, आणि तेव्हा प्लांट बंद असल्याने सगळे निर्धास्त असतात.

हवेचे मोजमाप सुरू करण्यापूर्वीचा सर्वांत स्वस्त मापक स्टोअरच्या वहीत असतो. दररोज किती हेक्झेन भरले आणि किती टन सोयाबीन गाळले, या दोन आकड्यांवरून टनामागची घट काढावी. दिवसाला ३०० टन गाळणाऱ्या प्लांटमध्ये ही घट टनामागे दोन लिटर असेल तर रोज ६०० लिटर हेक्झेन कुठेतरी जात आहे. त्यातले काही पेंडीत, काही तेलात, काही व्हेंटमधून वर आणि उरलेले माणसांच्या आसपास. ही घट अचानक दोनावरून साडेतीनवर गेली तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. मालकाला आरोग्याची भाषा पटत नसेल तर हा आकडा रुपयांत सांगून पाहावा, असा माझा अनुभव आहे.

या बाबतीत मराठवाड्याची एक स्वतःची अडचण आहे. हेक्झेनचे बाष्प पुन्हा द्रव करण्याचे काम कंडेन्सर करतो आणि कंडेन्सरची सगळी ताकद थंड पाण्यावर अवलंबून असते. बोअरचे जड पाणी वापरले की नळ्यांत क्षारांचा थर बसतो. पाणीटंचाईत कूलिंग टॉवरमधले पाणी वेळेवर बदलले जात नाही आणि हा थर आणखी जाड होतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते; अशा वर्षी कारखान्याच्या कूलिंग टॉवरचा क्रमांक साहजिकच शेवटी लागतो. कंडेन्सर नीट चालेनासा झाला की यंत्रणेतला दाब वाढतो आणि जिथे गॅस्केट कच्चे असेल तिथून बाष्प बाहेर येते. शिवाय ४० अंशांना हेक्झेनचा बाष्पदाब २० अंशांच्या तुलनेत दुपटीहून अधिक असतो. म्हणून हवेची मोजणी एकदा एप्रिल-मेच्या दुपारी आणि एकदा डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे करावी. पहाटे उडणारे प्रमाण कमी असले तरी गार, निवांत हवेत बाष्प हलत नाही आणि थंडीमुळे खिडक्याही लावून घेतलेल्या असतात.

श्वासातील हवा मोजणे

गळतीचा शोध घेण्यासाठी पीआयडी (अतिनील दिव्याने बाष्प ओळखणारा डिटेक्टर) हे हातातले उपकरण वापरावे. त्यात १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा असला की हेक्झेन दिसते, मात्र हे उपकरण आयसोब्युटिलीनवर कॅलिब्रेट केलेले असते आणि हेक्झेनला त्याचा प्रतिसाद मंद असतो. दिसणाऱ्या आकड्याला साधारण चारच्या आसपासच्या गुणकाने गुणावे लागते. नेमका गुणक त्या उपकरणाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. गुणक न लावता पडद्यावर १५ पाहून समाधान मानणारा माणूस प्रत्यक्षात ६० पीपीएममध्ये उभा असतो. पीआयडी घेऊन सील, फ्लँज, नमुन्याचे नळ आणि चर जमिनीपासून वीतभर उंचीवर तपासावेत आणि गळतीच्या जागा नकाशावर खुणावाव्यात. हे उपकरण एकटे हेक्झेन ओळखत नाही, तिथे असलेल्या इतर बाष्पांचीही बेरीज दाखवते, त्यामुळे त्याचा आकडा आरोग्यमर्यादेशी थेट ताडून निकाल देऊ नये.

निकालासाठी नमुना कामगाराच्या अंगावरच घ्यावा लागतो. नायॉशच्या १५०० क्रमांकाच्या पद्धतीत नारळाच्या करवंटीच्या कोळशाने भरलेली काचेची नळी कॉलरला, नाकापासून फुटाच्या आत, लावतात आणि कमरेच्या छोट्या पंपाने तिच्यातून हवा ओढतात. हवेचा वेग मिनिटाला १० ते २०० मिलिलिटर आणि एका नळीतून एकूण हवा जास्तीत जास्त ४ लिटर, अशा तिच्या मर्यादा आहेत. मिनिटाला २० मिलिलिटर वेग ठेवल्यास एक नळी २०० मिनिटांत भरते. म्हणून आठ तासांच्या पाळीसाठी एकामागून एक तीन आणि बारा तासांसाठी चार नळ्या लावाव्या लागतात. एकच नळी दिवसभर जास्त वेगाने चालवून पैसे वाचवले जातात तेव्हा कोळसा भरून जातो आणि उरलेले हेक्झेन सरळ पुढे निघून जाते. नळीत पुढचा मोठा आणि मागचा छोटा असे दोन भाग असतात. मागच्या भागात पुढच्याच्या दहा टक्क्यांहून अधिक हेक्झेन सापडले तर तो नमुना बाद समजून नव्याने घ्यावा. कडक उन्हात आणि दमट हवेत कोळशाची धारणशक्ती घटते, त्यामुळे मे महिन्यातल्या नळ्या अधिक लवकर बदलाव्यात.

काही बारीकसारीक गोष्टींवर मोजणीचा भरवसा ठरतो. पंप ज्वलनशील क्षेत्रात वापरण्यास प्रमाणित असलेलाच हवा. बाहेरून आलेल्या प्रयोगशाळेचा माणूस साधा पंप घेऊन आला तर त्याला फाटकावरूनच परत पाठवावे, मग तो कितीही लांबून आलेला असो. पंपाचा वेग नळी लावलेल्या स्थितीत आधी आणि नंतर मोजावा आणि दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर नमुना बाजूला ठेवावा. प्रत्येक वेळी किमान दोन नळ्या नुसत्या उघडून लगेच बंद कराव्यात आणि कोऱ्या म्हणून सोबत पाठवाव्यात. विश्लेषण करणाऱ्या प्रयोगशाळेची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता या विशिष्ट चाचणीसाठी आहे का, हे तिच्या मान्यतापत्रात पाहावे. नमुने घेताना कामगाराने त्या दिवशी काय केले, हे वेळेसह लिहून ठेवणारा एक माणूस सोबत ठेवावा; ही टिपणे नसतील तर आलेल्या आकड्याचे करायचे काय, हा प्रश्नच उरतो.

प्रयोगशाळा नळीतील हेक्झेन मिलिग्रॅममध्ये कळवते. समजा ३.६ लिटर हवेच्या नळीत ०.७२ मिलिग्रॅम सापडले, तर घनमीटरमागे २०० मिलिग्रॅम झाले, त्याला ३.५२ ने (१ पीपीएम हेक्झेन म्हणजे घनमीटरमागे ३.५२ मिलिग्रॅम) भागल्यावर सुमारे ५७ पीपीएम येतात. पूर्ण पाळीची सरासरी वेळेच्या भाराने काढावी. उदाहरणादाखल एक फिटर सहा तास ८ पीपीएममध्ये, दीड तास डीटीजवळ ९० पीपीएममध्ये आणि अर्धा तास फिल्टर साफ करताना ४२० पीपीएममध्ये होता असे धरू. गुणाकारांची बेरीज ३९३ होते आणि तिला आठने भागल्यावर ४९ उरतात. कागदावर हा माणूस मर्यादेत आहे. पण त्याच्या दिवसभराच्या संपर्कातला अर्ध्याहून अधिक वाटा त्या एका अर्ध्या तासाचा आहे, आणि एसीजीआयएचच्या नियमानुसार मर्यादेच्या पाचपट, म्हणजे २५० पीपीएम, ही पातळी क्षणभरही ओलांडायची नसते. म्हणून पूर्ण पाळीच्या नमुन्यासोबत अशा कामांचे स्वतंत्र पंधरा मिनिटांचे नमुने घ्यावेत.

आणखी एक हिशेब हंगामात फार महत्त्वाचा ठरतो. ५० पीपीएमची मर्यादा आठ तासांचे काम आणि सोळा तासांची विश्रांती धरून ठरवलेली आहे. हंगामात अनेक ठिकाणी बारा तासांची पाळी चालते. तेव्हा संपर्काचा वेळ वाढतो आणि शरीराला तो पदार्थ बाहेर टाकायला मिळणारा वेळ घटतो. ब्रीफ आणि स्काला यांच्या सूत्राने आठ भागिले बारा गुणिले बारा भागिले सोळा असे केले की नेमका अर्धा गुणक येतो. बारा तासांच्या पाळीची मर्यादा म्हणून २५ पीपीएम धरावी.

एका दिवसाच्या एका नमुन्यावर काहीही ठरवू नये. समान काम करणाऱ्यांचा गट करून त्यातून वेगवेगळ्या दिवशी नमुने घ्यावेत. युरोपातील एन ६८९ या मानकाची कसोटी सोपी आणि कडक आहे: तीन नमुन्यांवर थांबायचे असेल तर तिन्ही मर्यादेच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत, चार असतील तर पंधरा टक्क्यांच्या आणि पाच असतील तर वीस टक्क्यांच्या. म्हणजे तीनच नमुने घेऊन 'सुरक्षित' म्हणायचे असेल तर तिन्ही ५ पीपीएमच्या खाली यायला हवेत. मर्यादेजवळचे आकडे आले तर आणखी नमुने घेण्यापेक्षा गळती दुरुस्त करण्यावर पैसा खर्च करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

लघवीची चाचणी आणि पायांची तपासणी

हवेतील मोजणी त्वचेतून जाणारे हेक्झेन पकडू शकत नाही, आणि हात-पाय ग्रीसने माखले की हेक्झेनच्या बादलीत धुण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. यासाठी लघवीतील २,५-हेक्झेनडायोन मोजावे. नमुना आठवड्यातील शेवटच्या दिवसांपैकी एखाद्या दिवशी, पाळी संपताना, हात धुऊन आणि प्लांटपासून दूर घ्यावा. प्रयोगशाळेला एक प्रश्न लेखी विचारावा: नमुन्यावर आम्लाची प्रक्रिया करून मोजता की न करता? आम्लप्रक्रियेनंतर येणारा आकडा कित्येक पट मोठा असतो. आम्लप्रक्रियेविना मोजल्यास एसीजीआयएचची मार्गदर्शक पातळी लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास आहे. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या पातळीशी ताडला की निरोगी माणूस बाधित ठरतो किंवा त्याच्या उलट होते.

पायांच्या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा काटा) पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप जाणवतो का ते पाहणे, मधुमेहाच्या तपासणीत वापरला जाणारा दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते विचारणे, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासणे आणि टाचांवर चालायला लावणे, एवढे कारखान्याचा डॉक्टर दहा मिनिटांत करू शकतो. हंगामापूर्वीची पहिली तपासणी नोंदवून ठेवली तरच नंतरचा फरक समजतो. फरक दिसला किंवा मुंग्यांची तक्रार आली तर त्या कामगाराला हेक्झेनच्या कामावरून लगेच हलवून मज्जासंवहनाच्या चाचणीसाठी पाठवावे आणि चिठ्ठीत हेक्झेनचे नाव स्पष्ट लिहावे. ते न लिहिल्यास मधुमेह, दारू किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांवरच शोध थांबतो. ही तिन्ही कारणे आपल्या भागात खरोखरच पुष्कळ आढळतात, म्हणून तीही तपासावीतच, पण ती सापडली म्हणून हेक्झेन आपोआप निर्दोष ठरत नाही. एका प्लांटमधल्या फिटरने मला सांगितले होते की दोन वर्षे तो ब-१२ ची इंजेक्शने घेत होता आणि त्या काळात एकाही डॉक्टरने त्याला काम काय करतो हे विचारले नव्हते.

मोजल्यानंतर काय करावे

मास्कची खरेदी हे शेवटचे पाऊल आहे. आधी नमुना काढण्याचे नळ बंद पद्धतीचे करावेत, पंपांची सील हंगामापूर्वी बदलावीत, कंडेन्सरच्या नळ्यांचा क्षार काढावा, व्हेंटवरील खनिज तेलाचा शोषक चालू आहे का ते पाहावे, डीटीतून निघणाऱ्या मालाचे तापमान खाली येऊ देऊ नये आणि हवा खेचणारी झडप जमिनीलगत ठेवावी; छतावरचा पंखा जड बाष्पाला फारसा हलवत नाही. हात धुण्याची बादली त्याच दिवशी उचलावी. हातमोजे नायट्राइलचे द्यावेत, साध्या रबरातून हेक्झेन पटकन आत येते. सेंद्रिय बाष्पांसाठीचे तपकिरी पट्ट्याचे कार्ट्रिज थोड्या वेळाच्या कामापुरते ठीक आहे, पण बंद टाकीत ते वापरणे प्राणघातक ठरू शकते, कारण ते प्राणवायू तयार करत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल बाष्प अजिबात अडवत नाही.

टाकीत किंवा एक्स्ट्रॅक्टरमध्ये उतरण्याच्या परवान्यावर तीन आकडे असावेत: प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी नाही, ज्वलनशीलता शून्य, आणि पीआयडीवर गुणक लावून आलेले हेक्झेन ५० पीपीएमच्या खाली. बहुतेक परवान्यांच्या छापील नमुन्यात तिसरा रकाना नसतोच. तो हाताने आखून घ्यावा. वाफ मारून टाकी स्वच्छ निघाली तरी भिंतीला चिकटलेला माल खरवडला की अडकलेले हेक्झेन पुन्हा सुटते, म्हणून मोजणी काम सुरू होण्यापूर्वी एकदा करून थांबू नये, काम चालू असताना ती सतत चालू ठेवावी आणि बाहेर एक माणूस कायम उभा असावा. आत २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा नेऊ नये.

कायद्याच्या बाजूने पाहता, भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जे धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण घातले गेले त्यानेच कामगाराची नेमणुकीपूर्वी, दर बारा महिन्यांच्या आत आणि काम सोडताना वैद्यकीय तपासणी तसेच आरोग्यनोंदी पाहण्याचा कामगाराचा हक्क ठरवून दिला. अतिज्वलनशील द्रवांचे उद्योग धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली असली तरी धोकादायक प्रक्रियांचा हा विषय तिच्यातही कायम आहे. राज्यात याची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते, तर साठवण टाक्यांचा परवाना नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोकडून (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडून) मिळतो. पेसोचा परवाना आगीपुरता असतो, श्वासातील हवेशी त्याचा संबंध नाही.

प्रत्येक मोजणीची नोंद माणसाच्या नावाने ठेवावी, मशीनच्या नावाने नव्हे, आणि तिची प्रत त्या माणसाला मराठीत द्यावी. ठेकेदाराच्या कामगारांच्या बाबतीत हे अधिकच आवश्यक आहे, कारण ते एका हंगामात लातूरला, दुसऱ्यात नांदेडला आणि तिसऱ्यात आणखी कुठे असतात; पाय बधिर झाल्यावर ते ज्या डॉक्टरकडे जातील त्याच्या हातात देण्यासारखा त्यांच्याकडे हा एकच कागद असतो. त्यावर तारीख, केलेले काम, पाळीचे तास, पीपीएममधील सरासरी, सर्वोच्च पंधरा मिनिटांचा आकडा आणि लघवीतील प्रमाण, एवढे लिहिलेले पुरे.